फिट, सूट आणि एक घारा डोळा

३ फेब्रुवारी

डोळा झाला. आज डॉक्टरबाईंना बसवला आणि त्यांना उत्तरेच्या खिडकीत उभं करून समोरून, बाजूने, जरा खालून असा सगळीकडून पाहिला. माझंच काम म्हणून सांगत नाही, पण असा घारा डोळा दुसऱ्या कोणाच्या हातून व्हायचा नाही. (माझंच काम म्हणून सांगतोय. वहीत खोटं कशाला लिहू.)

काळ्या किंवा गडद तपकिरी डोळ्यात रंगाच्या बारीकसारीक चुका लपून जातात. घाऱ्यात काही लपत नाही. बाईंच्या डाव्या, म्हणजे खऱ्या डोळ्यात कडेला राखी-हिरवट वळं आहे, त्याच्या आत मधाचा रंग, आणि अगदी मधे बाहुलीला चिकटून गंजासारखी बारीक किनार. ही किनार आधी कोणाला दिसलीही नसेल. मला भिंगातून दिसली आणि मी ती तशीच्या तशी उतरवली. बाहुलीची गोलाई डाव्या डोळ्याशी केसभरही कमीजास्त नाही. पांढऱ्यावरच्या लाल शिरांसाठी हिच्या शिवणाच्या डब्यातला रेशमी धागा उसवून, त्याचे तंतू सुटे करून घातले. हिला अजून कळलेलं नाही.

बाईंनी आरशात बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही मला मोजलंत."

"मोजल्याशिवाय होत नाही."

"तसं नव्हे. मी दिवसभर दुसऱ्यांना मोजते. मला कोणी इतकं नीट मोजलेलं आठवत नाही."

त्या मोठ्या इस्पितळात सोनोग्राफीच्या डॉक्टर आहेत. पोटातल्या बाळाचं डोकं, मांडीचं हाड, हृदयाचे कप्पे, सगळं पडद्यावर मोजतात. मागच्या वर्षी आजारपणात उजवा डोळा काढावा लागला. एका डोळ्याने काम जमतं का, असं मी पहिल्या भेटीत भीत भीत विचारलं होतं. म्हणाल्या, "माझा पडदा सपाट आहे, मास्तर. एक डोळा पुरून उरतो." मला असं उत्तर देणारी माणसं आवडतात.

मास्तर मी कोणाचाही नाही. कवळ्या बनवायच्या कारखान्यात लागलो तेव्हा कळलं की ज्या अॅक्रिलिकचे दात होतात त्याचाच डोळाही होऊ शकतो. पुढचं सगळं माझं मी शोधलं. गुरू नाही, शाळा नाही. इंग्रजीही तशीच कमावली. सकाळी चहाबरोबर जाड शब्दकोश उघडायचा, अर्थाने एकमेकांशेजारी राहणारे दोन शब्द घ्यायचे आणि त्यांच्यातली भिंत कुठे आहे ते शोधायचं. ज्याला दोन शब्दांतला फरक सांगता येत नाही त्याला त्यातला एकही येत नाही, हे माझं मत आहे. ही म्हणते, शेजाऱ्यांची भांडणं बघण्यासारखंच आहे हे, फक्त इंग्रजीतली.


१९ फेब्रुवारी

डॉक्टरबाई आल्या होत्या. डोळा टोचत नाही, पाझरत नाही, डाव्याबरोबर छान हलतो, असं सगळं सांगून झाल्यावर म्हणाल्या, "पण माझे पेशंट घाबरतात."

मी विचारलं, कशाला.

"मला."

त्यांच्या टेबलावर झोपलेली बाई पडद्याकडे फार वेळ बघत नाही. तिला त्यातलं काही कळत नाही. ती डॉक्टरच्या तोंडाकडे बघते. बाळ बरं आहे की नाही ते तिला आधी तिथे वाचायचं असतं. आणि आता तिथे काहीतरी भलतंच वाचलं जातंय. बाळ ठणठणीत असताना एकजण रडायला लागली. दुसरी मधेच उठून बसली आणि म्हणाली, काय लपवताय ते सांगा. एकीच्या नवऱ्याने तक्रार केली.

"साहेबांनी बोलावलं होतं," बाई म्हणाल्या. साहेब म्हणजे त्यांच्या विभागाचे प्रमुख. "फार चांगलं बोलले. म्हणाले, तुम्ही कामाला पूर्ण फिट आहात, पण आता त्या खोलीला सूट होत नाही. मागे एक खोली आहे. दुसऱ्यांनी काढलेल्या प्रतिमा तिथे वाचायच्या, अहवाल सांगायचे. पेशंटशी संबंध नाही. पुढच्या महिन्याच्या अखेरीला ठरवू म्हणाले."

"मग बरंच आहे की. त्रास कमी."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा सांगायला आत गेलो. परत आलो तेव्हा म्हणाल्या, "त्या खोलीसाठी मी डॉक्टर झाले. प्रतिमा वाचायला नाही."

डोळा काढून घेतला, भिंगाखाली धरला. रंग तोच. बाहुली तीच. किनार तीच. पुन्हा त्यांना खिडकीत बसवून डाव्याशी ताडून पाहिलं. चूक नाही. लिहून ठेवतो, चूक नाही.

डोळा लगेच परत बसवून देत होतो, तर म्हणाल्या, "राहू दे जरा टेबलावर." आणि तशाच, रिकाम्या खोबणीने, खिडकीशी बसून सावकाश चहा प्यायल्या. हिच्याशी कसल्या कसल्या गप्पा मारल्या. पट्टीही लावली नाही. बहुधा पॉलिश नीट टिकलंय का ते बघायचं असेल. अशी चिकित्सा करणारं गिऱ्हाईक विरळा.


२० फेब्रुवारी

जोडी आयतीच मिळाली आहे. फिट आणि सूट.

शब्दकोशाने निराश केलं. फिटखाली लिहितो, योग्य मापाचं असणं. सूटखाली लिहितो, शोभणं, योग्य असणं. दोन्हीकडे योग्य. शब्दकोश लिहिणारेही कंटाळतात वाटतं.

मग स्वतः बसलो. बूट पायाला फिट होतो. रंग माणसाला सूट होतो. किल्ली कुलपाला फिट होते. किल्ली कुलपाला सूट झाली असं वेडाही म्हणणार नाही. म्हणजे फिट हे मापाचं काम आहे. पट्टी लावली की वाद संपला. सूट हे मताचं काम. एकाला शोभतं ते दुसऱ्याला शोभत नाही, आणि पट्टी कुठेच लावता येत नाही.

निष्कर्ष: माझं काम फिटपाशी पुरं होतं. सूट ही लोकांची बाब आहे. साहेबांना दुसरा शब्द वापरायचाच असेल तर त्यांनी तो स्वतः निस्तरावा.

हे हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, "छान. डॉक्टरीणबाईंना कळवा म्हणजे त्यांच्या मनाला बरं वाटेल."

हिच्या बोलण्यात टोमणा कुठे सुरू होतो ते इतक्या वर्षांत मला सापडलेलं नाही.


२४ फेब्रुवारी

बाई परत येऊन गेल्या. डोळ्याचं नवीन काही नव्हतं. "जवळून जात होते," म्हणाल्या. त्यांचं घर आणि इस्पितळ दोन्ही गावाच्या दुसऱ्या टोकाला आहेत. आल्या, डोळा काढून वाटीत ठेवला, तासभर बसल्या. हिने बाहेरच्या खोलीचं दार लोटून घेतलं आणि दोन माणसं आली त्यांना संध्याकाळी यायला सांगितलं. मला न विचारता. हे मला आवडलं नाही, पण बाईंसमोर काय बोलणार.

त्या गेल्यावर ही म्हणाली, "त्यांच्या खोलीत जाऊन बघितलंत का एकदा?"

"डोळा इथे बनतो. तिथे जाऊन काय बघू?"

"आपल्या बाळाचं ज्या डॉक्टरने सांगितलं होतं ना, तो भिंतीकडे बघून सांगत होता. कॅलेंडर होतं भिंतीवर. मी पण मग तिकडेच बघत बसले."

मी म्हटलं, किती जुनी गोष्ट ती. ही "हो" म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली. मधेच हे कुठून निघालं कळलं नाही.

तरी बाईंना फोन केला. जातो एकदा. त्यांच्या बाजूने आपला माणूस येऊन उभा राहिला होता, एवढं तरी साहेबांना दिसेल.


१ मार्च

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो, कारण उद्यापर्यंत मी ते स्वतःच्या सोयीने आठवायला लागेन.

बाईंची खोली लहान आहे. जाड पडदे, एक टेबल, मशीन, आणि उजेड म्हटला तर मशीनच्या पडद्याचा तेवढा. डोळे सरावायलाच वेळ लागला.

"झोपा," बाई म्हणाल्या.

"मी? मी डोळा बघायला आलोय."

"खालूनच बघा ना. सगळ्या तिथूनच बघतात. आणि शर्ट वर करा. नुसतेच झोपलात तर माझं तोंड कामाचं दिसणार नाही, गप्पांचं दिसेल."

झोपलो. या वयात पोट उघडं टाकून परक्या बाईसमोर झोपायचं म्हणजे काय ते ज्याचं त्याला माहीत. पण त्यांची पद्धत बघून संकोच गेला. जेलची बाटली आधी स्वतःच्या तळहातांत धरून ऊब दिली. हात लावायच्या आधी "लावते हं" म्हणाल्या. दर वेळी. मशीनवर बोटं न बघता चालत होती, आणि एक माप घेऊन समाधान झालं नाही की पुन्हा घ्यायच्या, मग आणखी एकदा. हे मी ओळखतो. हे शिकवून येत नाही, अंगात असावं लागतं.

मग त्या एका जागी थांबल्या. पडद्याकडे झुकल्या. माझ्याकडे वळून पाहिलं, पुन्हा पडद्याकडे.

लिहायला लाज वाटते, पण मनात आलं, संपलं, हिला आता कसं सांगायचं. कोपरांवर अर्धा उठलो. "काय आहे?" मी विचारलं.

"काही नाही. पित्ताच्या पिशवीत बारीकसा खडा आहे. पुष्कळांना असतो, पत्ताही लागत नाही. मोजू का?" मग थांबून म्हणाल्या, "एवढे का घाबरलात?"

"तुमचं तोंड..."

"हं," त्या म्हणाल्या. "तेच."

मग मी खरं पाहिलं. पडद्याचा निळसर उजेड त्यांच्या गालावर होता. त्या अंधारात डाव्या डोळ्याची बाहुली पसरून विहिरीसारखी मोठी झाली होती. अशी पसरलेली बाहुली माणसाला मायाळू करते. आणि उजवीकडे माझी, खिडकीतल्या मापाची, मोहरीच्या दाण्याएवढी. एक डोळा माझ्याकडे बघत होता, आणि दुसरा अजून माझ्या खिडकीत उजेडात उभा होता. त्या दोघांचं मिळून जे तोंड होत होतं ते वाईट बातमी दाबून धरलेल्या माणसाचं होतं.

डोळा मी केला. त्यातला कण न् कण मला ठाऊक. तरी मी घाबरलो. मग त्या बिचाऱ्या बायकांचं काय.


४ मार्च

बाहुली उजेडाने लहान-मोठी होते हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मलाही होतं. पण तुम्ही दिवसभर कुठल्या उजेडात बसता, हे मी एकदाही विचारलं नाही. सगळं जग माझ्या उत्तरेच्या खिडकीत बसलंय असं धरून चाललो. मला उजेड कळतो म्हणून मी मिरवतो, आणि माझीच ही चूक.

वीस तारखेचा निष्कर्ष खोडतो. असं करून बघतो:

फिट व्हायला दोनच लागतात. झाकण आणि डबा. डोळा आणि खोबण. अंधारात असोत, कपाटात असोत, कोणी बघत नसलं तरी ते फिटच. सूटला तिसरा लागतो. लांबून बघणारा कोणीतरी. टेबलावर झोपलेली ती बाई नसेल तर डोळा सूट आहे की नाही हा प्रश्नच उभा राहत नाही. मी तिला धरलंच नव्हतं. मी दोघांचा हिशेब केला, आणि भोगत होती ती तिसरी.

म्हणजे सूट हे मत नव्हे. तीही मापच आहे, फक्त पट्टी दुसऱ्याच्या हातात असते.

हे वाक्य मला बरं जमलं आहे.


९ मार्च

तोडगा काढला होता. त्याच साच्यात दुसरा डोळा, मोठ्या बाहुलीचा, खास अंधाराच्या मापाचा. बाईंना दिला, सामानाच्या खोलीचे पडदे ओढून दाखवला. अंधारात दोन्ही डोळे असे एक दिसले की मीच हरखलो. मग त्या बाहेर उजेडात आल्या. उजवा डोळा भूत बघितल्यासारखा.

"बाहेर आलात की जुना घालायचा," मी म्हटलं. "आत जाताना हा."

बाई म्हणाल्या, "मास्तर, मी दर पेशंटला दारापर्यंत सोडायला जाते. पुढच्या बाईला दारातून आत घेते. म्हणजे मी काय करू? एक बाहेर गेली की उंबऱ्यावर हात धुवायचे, डोळा काढायचा, दुसरा घालायचा, आणि मग, या, बसा?"

ही इतकी हसली की हातातला कप ठेवावा लागला. बाईही हसत होत्या. मीच तेवढा हसत नव्हतो.

"दारापर्यंत कशाला जायचं?" मी म्हटलं. "डॉक्टर आहात तुम्ही."

"त्या झोपून असतात, तेव्हा मी उंच. दारात आम्ही सारख्या उंचीच्या. काही विचारायचं असेल तर तिथे विचारतात."

त्या गेल्यावर मी धुसफुसत होतो, एवढी मेहनत केली, लोकांना काय, वगैरे. ही म्हणाली, "त्यांना सोयीचं पडेल का ते आधी विचारलं होतंत?"

शब्दकोश पुन्हा काढला. सूटखाली तिसरा अर्थ, बारीक अक्षरात: सोयीचं पडणं. सोमवार तुम्हाला सूट होईल का, असं म्हणतात. मी तो पहिल्या दिवशी धंद्याबाहेरचा म्हणून ओलांडून गेलो होतो. फिट मोजता येतं. सूट विचारावं लागतं. दोन डोळे झाल्यावर हे लक्षात आलं.

ही शिवणाचा डबा उघडून लाल रेशमाचं अख्खं रीळ माझ्या टेबलावर ठेवून गेली.


१५ मार्च

एकच डोळा हवा, जो अंधारात मोठ्या बाहुलीचा आणि उजेडात लहान बाहुलीचा दिसेल. रंगवलेली बाहुली हलत नाही. म्हणजे बघणाऱ्याची नजरच हलवायला हवी.

वाट एकच दिसते. बाहुली मधल्या मापाची करायची आणि तिची कड मोडायची. काळ्याच्या बाहेर काजळी तपकिरी, त्याच्या बाहेर जरा फिकी, मग हळूहळू मध. अंधारात ते सगळं तपकिरी काळ्यात मिसळून जाईल आणि बाहुली मोठी वाटेल. उजेडात तेच बुबुळाचा भाग म्हणून उठून दिसेल आणि बाहुली लहान वाटेल.

यासाठी ती गंजाची किनार, जी शोधून काढल्याचा मला एवढा अभिमान, ती घालवावी लागेल. आणि कड. स्वच्छ कड ही माझी सही आहे. ज्यांच्या बाहुलीची कड पसरते त्यांना मी आयुष्यभर भिंती रंगवायला जा म्हणत आलो. आता मीच मुद्दाम पसरवायची.

बुबुळाच्या तीन चकत्या रंगवल्या. पहिलीत धूर धरल्यासारखं झालं. दुसरी चिखल. तिसरीची कड माझ्या हाताने आपोआप स्वच्छ काढली. मला कळलंही नाही. हाताला वाईट काम करायला शिकवायचं हे चांगलं काम शिकवण्यापेक्षा अवघड आहे.

मनात शंका येते, हे काम खोटं तर नव्हे. जे त्यांच्या डोळ्यात नाही ते मी घालतोय, आणि जे आहे ते काढतोय.


१८ मार्च

बाई पुन्हा "जवळून जात" होत्या. मी आत रंग घोटत होतो. बाहेर ही हलक्या आवाजात काहीतरी सांगत होती, बराच वेळ. चष्मा घ्यायला गेलो तर दोघी गप्प. बाईंच्या गालावर ओलं होतं, खोबणीच्या बाजूनेही. मी समजावलं, डोळा काढला तरी अश्रूंची ग्रंथी जागेवर असते, पाणी येतं, घाबरायचं कारण नाही. बाई म्हणाल्या, "माहीत आहे, मास्तर." हिने चहा हवा का विचारलं.

बहुधा माझ्याविषयी काहीतरी चाललं होतं. या दोघींचं फार जमलंय.

चौथी चकती बरी आहे.


२३ मार्च

बसवला. सामानाच्या खोलीत अंधार केला, हिच्या हातात टेबलावरचा दिवा कापडात गुंडाळून दिला, मशीनच्या पडद्याइतकाच उजेड. मग मी म्हटलं, आता कोणीतरी झोपायला हवं. मी झोपणार नाही, मी पक्का झालोय, मला सगळं माहीत आहे.

ही बाकावर झोपली. दिवा मी धरला.

डॉक्टरबाई हिच्यावर वाकल्या. मी वाट बघितली आणि विचारलं, "काय दिसतंय? बाहुल्या सारख्या आहेत का? उजवीची कड कळते का?"

दोघी एकमेकींकडे बघत होत्या.

"अगं, सांग ना."

"अहो, थांबा जरा," ही म्हणाली. असा आवाज मी हिचा फार दिवसांत ऐकला नव्हता. मग पुष्कळ वेळाने, "ठीक आहे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तर ऐकता येईल."

हे तपासणीचं उत्तर झालं का? मी कडेबद्दल विचारलं होतं. मग मीच दिवा हिच्याकडे देऊन बघितलं. कड कळत नाही. बाईंना बाहेर खिडकीत आणलं. तिथे मी मोजमाप घ्यायला भिंग उचललं, तर बाई म्हणाल्या, "आता मोजू नका. नुसतं बघा."

बघितलं. भिंगाने पाहिलं तर हा डोळा पहिल्या डोळ्याच्या पासंगालाही पुरत नाही. किनार नाही, कड नाही, मधाचा रंग दोन छटा जास्त गडद. चार हातांवरून त्या नुसत्या एक घाऱ्या डोळ्यांच्या बाई दिसत होत्या, थोड्या दमलेल्या.


३० मार्च

आज साहेब ठरवणार होते. पेशंटशी स्वतः बोलून बघणार असं त्यांनी बाईंना सांगितलं होतं. माझं तिथे काही काम नव्हतं, पण घरी हातून दोन गोष्टी पडल्या तेव्हा ही म्हणाली, चला, मीही येते.

सोनोग्राफीच्या दाराबाहेर बाक आहेत. तिथे बसलो. साहेबही पलीकडे भिंतीशी उभे होते, उंच, कानावर पांढरे केस, हात मागे. माणूस वाईट दिसत नव्हता. मी मनातल्या मनात त्याला दोन्ही शब्दांचा फरक समजावत होतो.

पहिली बाई बाहेर आली. मी कान टवकारले. नवऱ्याला म्हणाली, "भूक लागलीय." दुसरी म्हणाली, पाळणा आत्ता नको, दोन महिन्यांनी घेऊ. तिसरीने आईला फोन लावला आणि बाळाचं नाक कोणासारखं आहे यावर वाद घातला. साहेबांनी प्रत्येकीला काही त्रास झाला का विचारलं. कसला त्रास, असं तोंड करून त्या निघून गेल्या. डोळ्याबद्दल अवाक्षर नाही. मला बरं वाटायला हवं होतं. पण इतकं करून कोणाच्या लक्षातही येऊ नये, याची थोडी चुटपुटही लागली. आहे ते लिहितो.

मग एक तरुण मुलगी आत गेली. बाहेर तिची आई बसली होती. दार बराच वेळ उघडलं नाही. उघडलं तेव्हा मुलगी सावकाश चालत आली आणि आईजवळ बसली.

"काय म्हणाल्या?"

"ठोके नाहीत, आई."

साहेब दोन पावलं पुढे आले, खाली वाकले, तिला विचारलं, आत डॉक्टरांनी नीट सांगितलं ना.

"सांगायच्या आधीच मला कळलं," मुलगी म्हणाली. रडत नव्हती, अजून तिथपर्यंत पोचली नव्हती. "त्यांच्या तोंडावरून. मग त्या बोलल्या. माझ्याकडे बघत होत्या. मी विचारलं ते सगळं सांगितलं, आणि शेवटपर्यंत माझ्याकडेच बघत होत्या."

माझ्या शेजारून ही उठली, पर्स माझ्या मांडीवर टाकली आणि जाऊन त्या मुलीच्या दुसऱ्या बाजूला बसली. ओळख ना पाळख. मुलीने कोण तुम्ही म्हणून विचारलं नाही. हिनेही काही सांगितलं नाही. नुसती बसून राहिली, खांद्याला खांदा लावून.

डॉक्टरबाई दारात आल्या. बाहेरच्या पांढऱ्या लख्ख उजेडात. पुढच्या पेशंटला घ्यायच्या आधी त्या मुलीकडे आल्या, तिच्यासमोर जमिनीवर उकिडव्या बसल्या, म्हणजे तिच्यापेक्षाही खाली, आणि तिचे दोन्ही हात धरले. उद्या कधी यायचं, कोणाला भेटायचं, बरोबर कोणाला आणायचं, ते हळू आवाजात सांगितलं. तिने काहीतरी विचारलं, ते त्यांनी पुन्हा सांगितलं. कंटाळल्या नाहीत, घाई केली नाही. मुलगी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती, बघता बघता तिचं रडू मोकळं झालं, आणि बाईंनी नजर हलवली नाही.

उठल्या तेव्हा साहेब म्हणाले, "पुढच्या महिन्यातही इथेच बसा तुम्ही." जरा घसा खाकरून, "आणि त्याच्या पुढेही."

बाईंनी मान हलवली आणि पुढच्या पेशंटला दारातून आत घेतलं.

घराशी पोचून कुलूप उघडताना माझ्या लक्षात आलं. डॉक्टरबाई एवढा वेळ माझ्यापासून दोन हातांवर, लख्ख उजेडात बसल्या होत्या, आणि मी डोळा तपासला नव्हता. कड कशी दिसते, रंग उतरतो का, यातलं काहीही नाही. त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो आणि त्यातला कुठला डोळा माझा हे बघायचंच राहून गेलं.